उमाटे मॅडमचा एकतिसावा प्रश्न

उमाटे मॅडम चुका गोळा करायच्या. कुणी जुनी नाणी जमवतं, कुणी तिकिटं. मॅडमजवळ बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता आणि त्यात अकरावीच्या मुलामुलींच्या चुका होत्या. पोस्टकार्डाएवढी पांढरी कार्डं. वर एक प्रश्न, खाली मुलांनी दिलेली चुकीची उत्तरं, ज्याच्या तोंडून आली त्याच्याच शब्दांत. 'मागणी म्हणजे काय?' या कार्डावर पहिलं उत्तर होतं, 'शोरूमसमोर गाडी पाह्यत उभे राह्यतात ते.' दुसरं, 'आईजवळ हट्ट करणे.' तिसरं, 'दुकानात गर्दी असते ती.'

मॅडम गेल्यावर त्यांच्या मुलानं तो डबा कॉलेजात आणून माझ्या टेबलावर ठेवला. "आईनं सांगून ठेवलं होतं, यादीवालीले देजो."

यादीवाली म्हणजे मी. मी वाणिज्य शिकवते, आणि यादी केल्याशिवाय माझं पान हलत नाही. किराण्याची यादी, गैरहजर मुलांची यादी, करायच्या यादीतल्या न झालेल्या कामांची वेगळी यादी. स्टाफरूममध्ये याची चेष्टा व्हायची. मॅडमनी मात्र मला पहिल्याच आठवड्यात हेरलं. "तू कामाची हायेस," म्हणाल्या आणि माझ्यासमोर कार्डांचा गठ्ठा टाकला. तो गठ्ठा पुढची सहा वर्षं काही माझ्या टेबलावरून उठला नाही.

त्या बुटक्या, रुंद बांध्याच्या होत्या. सुती साड्या, खांद्यावर बँकेच्या कॅलेंडरसोबत मिळालेली कापडी पिशवी. एरवी घड्याळ वापरत नसत, पण चाचणीच्या दिवशी दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. का म्हणून विचारलं तर म्हणत, "एक बंद पडलं तं?" पिशवीत कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे असत, पंख्याच्या वाऱ्यानं उत्तरपत्रिका उडू नयेत म्हणून. आणि एका छोट्या बटव्यात चार चिंचोके. त्यांच्यावर नेलपॉलिशनं अ, ब, क, ड लिहिलेलं.

त्या चिंचोक्यांमागे एक मुलगी आहे. मी रुजू व्हायच्या आधीची गोष्ट, पण मॅडमनी ती मला इतक्या वेळा सांगितली की मी तिथं होते असंच मला वाटतं. ती मुलगी वर्षातले अर्धे दिवस वर्गात नव्हती. तरी मॅडमच्या बहुपर्यायी पेपरात ती आरामात पास झाली. मॅडमनी तिला बोलावलं.

"अभ्यास केलता?"

"नाई मॅडम."

"कोणाचं पाह्यलं?"

"नाई. सगळ्याइले क केलं."

"काऊन क?"

मुलगी खरी धीट. म्हणाली, "तुमी लोक बरोबर उत्तर पयल्या जागी ठेवतच नाई, लवकर सापडन म्हणून. शेवटी ठेवाले तुमाले करमत नाई. ब वर ठेवता कवा कवा. क तं पक्कंच."

दुसरी कुणी शिक्षिका असती तर मुलीला प्राचार्यांसमोर उभं केलं असतं. मॅडमनी तिला चहा पाजला, आणि ती गेल्यावर आपले जुने पेपर काढून मोजायला बसल्या. मुलीचं बरोबर होतं. मॅडमची बरोबर उत्तरं वर्षानुवर्षं क च्या घरात गर्दी करून बसली होती.

"इतकी वर्षं मले वाटे मी अर्थशास्त्र मोजून राह्यली," त्या मला म्हणाल्या. "मी तं पोट्ट्यांचं नशीब मोजत होती."

तेव्हापासून प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर कुठं ठेवायचं हे चिंचोके ठरवू लागले. बटव्यात हात घालायचा, जो निघेल ते अक्षर. एकदा लागोपाठ चार वेळा अ निघाला. मी म्हटलं, "मॅडम, हे बरं दिसत नाही, बदलू या." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कधी ते बोलले नाही.

त्यांना करायची होती ती एक चाचणी. अकरावीच्या अर्थशास्त्राची, पन्नास प्रश्नांची, आपल्या जिल्ह्यातल्या मराठी शाळांसाठी. मुलाला विषय खरोखर किती आला हे मोजणारी पट्टी. तयार चाचण्या बाजारात मिळत, नाही असं नाही. एक आम्ही मागवलीही होती. तिच्यात लिफ्टच्या देखभालीचा खर्च सोसायटीतल्या सदनिकाधारकांत कसा वाटावा यावर प्रश्न होता. आमच्या वर्गातल्या मुलांनी लिफ्ट पाहिली होती ती सरकारी दवाखान्यातली, आणि तीही बंद. त्या चाचणीवरून आमची मुलं कच्ची ठरली. मॅडमनी ती पुस्तिका बंद करून कपाटात टाकली.

"पोट्ट्याइले कच्चं म्हणाचं असन तं म्हणा," त्या म्हणाल्या, "पण पक्क्या मापानं म्हणा."

कुठल्याही अंदाजे शब्दाची त्यांना चीड होती. कुणी म्हणालं, "मुलं यंदा थोडी कमी पडली," की मॅडमचा प्रश्न ठरलेला: "थोडी म्हणजे किती?" डॉक्टरांनी साखर थोडी वाढली म्हटलं तरी तेच. सिंदी मेघेला त्यांच्या घराजवळचा भाजीवाला त्यांना पाहिल्यावर आधीच सांगून टाकायचा, "मॅडम, वांगे पाच रुपयानं महाग झाले, थोडे महाग नाई."

चाचणीचं काम असं चाले. आधी मुलांना मोकळा प्रश्न विचारायचा, पर्याय न देता. त्यातून चुका मिळत. त्यातल्या सर्रास होणाऱ्या चुका हे प्रश्नाचे चुकीचे पर्याय. "चुकीचं उत्तर आपल्या डोक्यातून काढलं तं पोट्टं फसत नाई," त्या सांगत. "त्याचंच त्याले वाढा लागते." नवीन वर्गावर गेल्या की त्या म्हणत, "बरोबर उत्तर मले माहीत हाय. तुह्यं सांग." मुलं आधी लाजत, मग स्पर्धा लागे.

प्रश्न तयार झाले की ते मुलांना सोडवायला द्यायचे. उत्तरपत्रिका तपासून जास्त गुणांपासून कमी गुणांपर्यंत लावायच्या. वरचा एक गठ्ठा घ्यायचा, खालचा तेवढाच एक घ्यायचा, आणि एकेका प्रश्नाला विचारायचं: वरच्या गठ्ठ्यातल्या किती जणांना आलास, खालच्या किती जणांना? वरच्यांना आला, खालच्यांना नाही, तर प्रश्न शहाणा. दोघांना सारखाच आला तर त्याचा उपयोग नाही. मी म्हटलं, संगणकावर दहा मिनिटांत करून देते. "कर. पण आधी जमिनीवर पाहू." मग कॉलेजच्या हॉलमध्ये सतरंजी, त्यावर गठ्ठे, गठ्ठ्यांना चिमटे. मॅडम मांडी घालून मधोमध, मी यादी घेऊन शेजारी.

अशाच एका दुपारी कापसाचा प्रश्न अडला.

प्रश्न साधा होता. कापसाचा भाव वाढला तर शेतकरी काय करेल? पुस्तकाप्रमाणे उत्तर: अधिक माल बाजारात आणेल. पुरवठ्याचा नियम. खालच्या गठ्ठ्यातल्या पाठ करणाऱ्यांना तो आला होता. वरच्या गठ्ठ्यातल्या चांगल्या चांगल्या मुलांचा चुकला होता. सगळं उलटं.

"माझ्या उत्तरसूचीत घोळ झाला असेल," मी म्हटलं आणि यादी तपासली. नव्हता.

मॅडमनी वरच्या गठ्ठ्यातली पहिली उत्तरपत्रिका काढली. प्रणाली नावाच्या मुलीची, पवनारच्या पलीकडच्या एका गावाहून बसनं रोज वर्ध्याला येणारी. तिनं खूण केली होती: 'माल घरी ठेवेल.' दुसऱ्या दिवशी प्रणाली कॉलेजात आली नव्हती. मी म्हटलं, येईल परवा. मॅडम म्हणाल्या, "परवापर्यंत मी झोपू कशी?" आणि मला घेऊन बसमध्ये बसल्या.

प्रणालीच्या घरी बसायला जागा नव्हती. समोरच्या खोलीत कापूस. जमिनीपासून जवळजवळ आढ्यापर्यंत पांढरा ढीग, दाराला खालून फळ्या लावलेल्या. घरची माणसं ओसरीत. आईनं घाईनं ओसरीवरची गोधडी झटकून आमच्यासाठी अंथरली, आणि मॅडम चहा यायच्या आधी मुद्द्यावर आल्या.

"कापसाच्या प्रश्नाले तू हे काऊन लिवलं?"

प्रणाली घाबरली. "चुकलं काय मॅडम?"

"चुकलं का बरोबर ते सोड. काऊन लिवलं ते सांग."

तिनं कापसाच्या खोलीकडे हात केला. "भाव चढून राह्यला तं आज काऊन इकू? अजून चढन. बाबा रोज भाव पाह्यतात अन् म्हणतात, थांबू."

"पुस्तकात लिवलं हाय ना, इतर परिस्थिती कायम असताना."

"हो मॅडम," मुलगी म्हणाली. "पण आमच्या इथं इतर परिस्थिती कायम कवा राह्यते?"

मॅडम हसल्या नाहीत. चहाची बशी हातात धरून त्या ढिगाकडे पाहत राहिल्या. परतीच्या बसमध्ये धाम नदीच्या पुलावर त्यांनी मला सांगितलं, "लिही. कापसाचा प्रश्न बाद. अन् तसल्या सगळ्याइले पुन्हा पाहाचं." मी यादी केली. ज्यांत मुलांना घरचं ठाऊक होतं आणि आम्हाला फक्त पुस्तकातलं, असे आणखी सात प्रश्न निघाले. सातांसाठी नव्या चुका गोळा करायच्या, पुन्हा वर्ग, पुन्हा सतरंजी. एक अख्खं वर्ष गेलं.

आणि वर्षं फार उरली नव्हती. मॅडम पुढच्या एप्रिलअखेर निवृत्त होणार होत्या. निवृत्त बाईला कुठली शाळा चाचणीसाठी वर्ग देणार? अंतिम चाचणी त्याआधी झाली तरच ती पट्टी होणार होती, नाहीतर डब्यातली कार्डं. प्राचार्यांनी सुचवून पाहिलं, "मॅडम, आहे तसं छापून टाका. कोण बघतं एवढं?"

"मी पाह्यते," मॅडम म्हणाल्या.

नवा कापसाचा प्रश्न त्यांनी स्वतः लिहिला. भाव आज वाढला आहे आणि पुढच्या आठवड्यात आणखी वाढेल अशी शेतकऱ्याची अपेक्षा आहे, अशा वेळी तो बहुधा काय करेल? चिंचोक्यानं बरोबर उत्तर ड वर टाकलं: काही माल राखून ठेवेल. ब वर होतं: सगळा माल आजच विकेल. प्रश्नाचा क्रमांक एकतीस.

सहा शाळा ठरल्या, काही गावातल्या, काही शहरातल्या. सगळीकडे सूचना त्याच, शब्द न् शब्द कार्डावरून वाचायच्या. घरीदारी वऱ्हाडीत बोलणाऱ्या मॅडम त्या सूचना प्रमाण मराठीत, बातम्या वाचल्यासारख्या वाचत, आणि प्रत्येक पर्यवेक्षकाकडून दोनदा वाचून घेत. एकानं आपल्या मनानं 'घाबरू नका' जोडलं. "ते काढा," मॅडम म्हणाल्या. "पाच शाळेत पोट्टे घाबरतीन अन् तुमच्या शाळेत नाई, असं नाई चालत."

चाचणीनंतर मुलांना उत्तरं सांगता यावीत म्हणून प्रत्येक शाळेला उत्तरसूची बंद पाकिटात पाठवायचं काम माझं होतं. आणि मी, यादीवाली, चुकले. एकतीससमोर ड ऐवजी ब टंकलं. पाकिटं गेल्यावर दोन दिवसांनी लक्षात आलं. मी रडवेली होऊन मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाकिटं बंदच हायेत ना? उत्तरं सांगाच्या वेळी नवीन देऊ. रडू नको."

चाचण्या झाल्या. उत्तरपत्रिका आमच्याकडे आल्या. एका मोठ्या गावातल्या शाळेचे गुण पाहून मी खूश झाले. तिथले गावंडे सर मॅडमचे जुने ओळखीचे, त्यांनीच हौसेनं शाळा दिली होती. मुलांना जवळजवळ सगळं आलं होतं. मग मी एकतीसच्या रकान्यावर आले. ब. ब. ब. अख्ख्या शाळेनं ब लिहिलं होतं.

मी कागद मॅडमपुढे सरकवला. त्यांनी बोट लावून तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचला.

"सगळा कापूस आजच इकीन," त्या शेवटी म्हणाल्या. "सुषमा, ह्या गावात घरोघरी कापूस भरलेला हाय. तिथलं पोट्टं हे लिवूच शकत नाई. याइले कोणी सांगतलं."

पाकीट उघडलं गेलं होतं. माझी चूक पाकिटातून निघून चाळीसेक मुलांच्या हातात पोचली होती. मला वाटलं मॅडम भडकतील. त्यांना राग आला नव्हता. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. "पोट्ट्याइले बरोबर माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तरी आपल्या घरचं खरं सोडून त्याइनं सरचं लिवलं."

गावंडे सरांना त्यांनी कॉलेजात बोलावलं. सर आले, रुमालानं मान पुसत बसले. मॅडमनी एकतीसचा रकाना दाखवला. आणखी काही बोलावं लागलं नाही.

"मॅडम, आमची शाळा खाली दिसली असती," सर म्हणाले. "गावचे पोट्टे, तुमाले तं माहीत हाय. मी थोडा आधार देल्ला फक्त."

"थोडा म्हणजे किती?"

सरांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. "...सगळाच."

"ही शाळा यादीतून काढ," मॅडम मला म्हणाल्या. मी काढली. माझा हात थांबला नाही, पण मला ठाऊक होतं की गावच्या मुलांची एवढी मोठी शाळा दुसरी नव्हती, आणि एप्रिलचे दोन आठवडे उरले होते.

मग त्या सरांकडे वळल्या. "तुमचं नाव कोठंच येनार नाई. पण ह्या बदल्यात गावची एक शाळा तुमी पाह्यून द्यायची. आठ दिवसांत."

"आता परीक्षा झाल्या मॅडम. पोट्टे कोठचे भेटतीन? कोणी मामाच्या गावाले, कोणी शेतात."

"म्हणूनच तुमाले सांगून राह्यली. तुमाले पोट्टे जमवता येतात."

गावंडे सर ते ऐकून आधी लाल झाले, मग उठले. आठ दिवस मोटारसायकलवर उन्हात फिरले. रोज संध्याकाळी मला फोन: "मॅडमले सांगा, अजून अकरा झाले." "अजून सात." शाळा मिळाली ती प्रणालीच्याच भागातली. दिवस मिळाला तो एप्रिलचा शेवटचा, सकाळी साडेसात. त्याच दिवशी अकरा वाजता आमच्या कॉलेजात मॅडमचा निरोप समारंभ होता.

"समारंभ पुढे ढकलू या," प्राचार्य म्हणाले.

"ढकलाले जागा कोठी हाय?" मॅडम म्हणाल्या. "उद्या मी कॉलेजची नाई."

सकाळी दोन मनगटांवर दोन घड्याळं लावून मॅडम तिथल्या वर्गात उभ्या राहिल्या. दाराशी गावंडे सर, हात मागे बांधून, खोलीत पाऊल न टाकता. मॅडमनी कार्डावरून सूचना वाचल्या. अध्येमध्ये वीज गेली, पंखे थांबले, मुलांच्या कोपरांना कागद चिकटू लागले. वेळ संपली तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी काकुळतीनं म्हणाली, "मॅडम, एक मिनिट द्या ना. दोनच राह्यले."

मॅडमचा नोकरीतला तो शेवटचा वर्ग होता. मला वाटलं, देतील.

"नाही बेटा," मॅडम कार्डावरच्याच भाषेत म्हणाल्या. "पेन खाली ठेवा."

समारंभाला आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. प्राचार्यांनी भाषण सुरू केलं. समर्पण, विद्यार्थिप्रियता, पोकळी. मंचावर मॅडम गळ्यात हार घालून बसल्या होत्या आणि टेबलाखाली त्यांचे हात हलत होते. पहिल्या रांगेतून मला दिसत होतं. छिद्रं पाडलेली तपासणीची पट्टी एकेका उत्तरपत्रिकेवर ठेवत त्या गुण मोजत होत्या. बोलायची पाळी आली तेव्हा उठून म्हणाल्या, "माझं थोडं काम राहिलं आहे," आणि तिथंच थबकल्या. मग स्वतःशीच हसल्या. "थोडं म्हणजे, बावीस पेपर." आणि खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्या की नाही हे कुणाला कळेना.

पुढं चाचणी झाली, छापली गेली, आज जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांतून ती वापरतात. पण मॅडम म्हटलं की मला तो दिवस संपतानाची दुपारच दिसते.

कॉलेजच्या फाटकाबाहेर ऑटो उभा होता. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. पुष्पगुच्छ त्यांनी चपराशाला देऊन टाकले होते, नारळ माझ्या हातात होता. शाल मात्र त्यांनी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला गुंडाळली होती, लूच्या गरम वाऱ्यात कागद उडू नयेत म्हणून, आणि वरून दोन्ही टोकांना चिमटे लावले होते. तो गठ्ठा मांडीवर घेऊन त्या ऑटोत बसल्या. मंचावर तपासलेल्या शेवटच्या पेपरांच्या नोंदी माझ्या वहीत होत्या. मी उभ्या उभ्या रकाना पूर्ण करत होते.

ऑटो सुरू झाला. मॅडमनी डोकं बाहेर काढलं.

"एकतीस?"

मी वही वर करून वाचलं. "वरच्यांना आला. खालच्यांना नाही."

"किती?"

मी आकडे सांगितले. त्यांनी ओठ हलवून ते मनातल्या मनात एकदा ताडून पाहिले, शाल गुंडाळलेल्या गठ्ठ्यावर घड्याळं बांधलेले दोन्ही हात ठेवले आणि ऑटोवाल्याला म्हणाल्या, "चल आता."